पकड आधी, नजर नंतर : आद्य प्रायमेटांच्या जडणघडणीविषयी

प्रश्न असा आहे की, लेमूर, लोरिस, टार्सिअर, माकडे, कपी आणि माणूस ज्या प्रायमेट गणात, म्हणजेच नरवानर गणात, मोडतात, त्याचा उगम केव्हा आणि कशा प्राण्यांपासून झाला. आणि पकड घेणारे हातपाय, सपाट नखे, समोर रोखलेले डोळे ही या गणाची ओळख झाडावरच्या राहणीमुळे घडली, हे पाठ्यपुस्तकी उत्तर कितपत खरे आहे. माझे उत्तर थोडक्यात असे : झाडावरची राहणी ही आवश्यक अट होती, परंतु तेवढ्याने काही उलगडत नाही, कारण झाडावर राहणारे असंख्य प्राणी प्रायमेटांसारखे मुळीच झालेले नाहीत. शिवाय ही वैशिष्ट्ये एकाच वेळी आलेली नाहीत. आज हाती असलेल्या जीवाश्मांवरून पायाची पकड आधी आली, डोळे समोर वळणे आणि उडी मारण्याची क्षमता नंतर आली, असे दिसते. आणि हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय कारणांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

एखादा जीवाश्म प्रायमेटाचा आहे हे कशावरून ठरते, ते आधी सांगायला हवे. माणूस वगळता आजच्या प्रायमेटांमध्ये पायाचा अंगठा इतर बोटांपासून फाकलेला असतो आणि फांदी कवेत धरू शकतो. त्यावर वाकड्या, अणकुचीदार नखीऐवजी सपाट नख असते. डोळ्याच्या खोबणीला बाहेरच्या बाजूने हाडाची निदान एक कमान असते. मध्यकर्णाची पोकळी झाकणारा हाडाचा फुगवटा अंतर्कर्णाभोवतीच्या कठीण हाडातूनच वाढलेला असतो. दाढा बसक्या आणि गोलसर उंचवट्यांच्या असतात. अडचण अशी की, मुठीत मावणारा प्राणी सहा कोटी वर्षांपूर्वी मेला, तर त्याच्या शरीरातले बहुधा दातच मागे उरतात. गाळ पोत्यांत भरून आणायचा, बारीक जाळीच्या चाळणीत पाण्याने धुवायचा, उरलेला माल वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण निवडायचा, अशी आम्हा जीवाश्म-अभ्यासकांच्या कामाची रीत आहे. त्यात दातांच्या खालोखाल हाती लागतात ती टाचेची आणि घोट्याची हाडे, कारण ती लहान, भरीव आणि टणक असतात. हे सुदैवच म्हणायला हवे. दात आहार सांगतात आणि घोटा चाल सांगतो, त्यामुळे या दोहोंवरून प्राण्याच्या जगण्याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मात्र डोळ्यांविषयी त्यातून काहीही कळत नाही, आणि त्यासाठी कवटीच लागते.

आता उगमाकडे वळू. जनुकीय पुराव्यानुसार प्रायमेटांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे आग्नेय आशियातले कोलुगो, म्हणजे चारही पायांमधली कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगत जाणारे प्राणी; त्यानंतर ट्री श्रू हे खारीसारखे दिसणारे लहान सस्तन प्राणी येतात. जनुकांमधील फरकांवरून काळ मोजला, तर प्रायमेटांची शाखा डायनोसॉर अजून जिवंत असतानाच फुटली असावी, असे निघते. जीवाश्मनोंद किती तुटपुंजी आहे याचा हिशेब मांडून २००२ साली करण्यात आलेल्या एका सांख्यिकीय अभ्यासानेही आजच्या सर्व प्रायमेटांच्या समाईक पूर्वजाचा काळ सुमारे ८.१५ कोटी वर्षांपूर्वीचा काढला होता. याउलट निर्विवाद प्रायमेटांचे जीवाश्म ५.६ कोटी वर्षांच्या मागे जात नाहीत. हे अंतर मोठे आहे, पण मला ते गोंधळात टाकणारे वाटत नाही. दोन वंश वेगळे होतात त्या क्षणी ते दिसायला जवळपास सारखेच असतात. ओळखू येण्याजोगी हाडे तयार व्हायला पुढे दीर्घ काळ लागतो. शाखा फुटण्याचा काळ आणि प्रायमेटपण अंगी येण्याचा काळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे या विषयातले बरेच वाद विनाकारण लांबलेले आहेत.

या मधल्या काळातला महत्त्वाचा प्राणी म्हणजे पर्गेटोरियस. अमेरिकेतील मोंटाना राज्यात परगेटरी हिल नावाच्या टेकडीवर त्याचे दात सापडले आणि १९६५ साली त्याला नाव मिळाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याचे सर्वांत जुने दात ज्या थरातले आहेत, तो थर डायनोसॉरांच्या अस्तानंतर अवघ्या १ लाख ५ हजार ते १ लाख ३९ हजार वर्षांत साठलेला आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने हा काळ नगण्य आहे. आणि त्या वेळी पर्गेटोरियसच्या एकाहून अधिक जाती अस्तित्वात होत्या, त्यामुळे त्याचा वंश महाविनाशाच्या आधीचा असण्याची शक्यता बळावते. २०१५ साली त्याच्या घोट्याच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि मला ते दातांपेक्षाही मोलाचे वाटते. त्या सांध्याची ठेवण अशी आहे की, पाऊल आत-बाहेर सहज वळू शकेल, म्हणजे निरनिराळ्या कोनांतल्या फांद्यांवर आणि खोडांवर टेकू शकेल. जमिनीवर धावणाऱ्या प्राण्याला अशी सैल ठेवण परवडत नाही. सपुष्प वनस्पतींची अरण्ये नव्याने दाटत असताना हा उंदराएवढा प्राणी झाडावर वावरत होता, एवढे त्यावरून म्हणता येते. त्याला प्रायमेट म्हणायचे की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

पर्गेटोरियस ज्या समूहात मोडतो त्याला प्लेसिअडॅपिफॉर्म म्हणतात. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात पॅलिओसीन कालखंडात, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्तानंतरच्या पहिल्या कोटीभर वर्षांत, या समूहाचा मोठा विस्तार झाला. ज्यावरून समूहाला नाव मिळाले त्या प्लेसिअडॅपिसची कवटी पाहिली, तर प्रायमेटपणाची खूण सहजी सापडत नाही : लांबट मुस्कट, बाजूला पाहणारे डोळे, खोबणीला मागची कमान नाही, पुढचे दात मोठे आणि पुढे आलेले, बोटांना नखी. दाढा आणि कर्णभागाची काही लक्षणे मात्र प्रायमेटांशी जुळतात. याच समूहातील इग्नेशियसच्या कवटीतील मेंदूच्या पोकळीची प्रतिमा २००९ साली क्ष-किरण तंत्राने तयार करण्यात आली, तेव्हा मेंदू लहान आणि गंधाचा भाग मोठा असल्याचे दिसून आले; दृष्टीसाठी मेंदूची वाढ अजून सुरू झालेली नव्हती. काही संशोधक या समूहाला प्रायमेट गणाची आरंभीची पायरी मानतात, काही त्याला गणाबाहेर पण शेजारी ठेवतात. नाव कोणतेही द्यावे, हे प्राणी प्रायमेटांच्या वंशाला लागून उभे आहेत, हे माझ्या मते आता पुरेसे भक्कम आहे.

या समूहातल्या एका प्राण्याने संपूर्ण चर्चेची दिशा बदलली, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात क्लार्क्स फोर्क खोऱ्यातल्या गोड्या पाण्यातील चुनखडकात कार्पोलेस्टीस सिम्पसोनाय या प्राण्याचा जवळपास संपूर्ण सांगाडा मिळाला. चुनखडक सौम्य आम्लात अतिशय सावकाश विरघळवला की, आतली हाडे न मोडता मोकळी होतात. या चिकाटीच्या कामातून हा सांगाडा हाती आला आणि जोनाथन ब्लॉक व डग बॉयर यांनी २००२ साली त्याचे वर्णन केले. वय सुमारे ५.६ कोटी वर्षे, वजन सुमारे १०० ग्रॅम. त्याच्या पायाचा अंगठा इतर बोटांपासून फाकलेला आहे, फांदी धरू शकतो, आणि त्याच्या टोकाच्या हाडाचा आकार सांगतो की त्यावर नख होते. बाकीच्या बोटांना मात्र नखीच आहे. डोळे बाजूलाच पाहतात. उडी मारण्यासाठी लागणारी लांब टाच किंवा घट्ट बसलेला घोटा यांचा मागमूस नाही. खालच्या जबड्यातली शेवटची उपदाढ करवतीच्या पात्यासारखी असून ती फळे, बिया, कवचाचे पदार्थ चिरण्यासाठी योग्य आहे. म्हणजे प्रायमेटांच्या यादीतले एक लक्षण पूर्णपणे हजर, आणि बाकीची गैरहजर. ही पकड प्रायमेटांच्या वंशात एकदाच आली की कार्पोलेस्टीसमध्ये ती स्वतंत्रपणे उद्भवली, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. पण स्वतंत्रपणे उद्भवली असे मानले, तरी एवढे सिद्ध होतेच की, समोरचे डोळे आणि उडी यांच्याशिवाय पकड विकसित होऊ शकते.

या पार्श्वभूमीवर कारणांविषयीचे सिद्धांत तपासू. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्राफ्टन एलियट स्मिथ आणि फ्रेडरिक वूड जोन्स यांनी मांडले की, झाडावर राहायला गेल्यामुळे वासाचे महत्त्व घटले, नजरेचे वाढले, हात मोकळे आणि कुशल झाले. हे मत सुमारे अर्धे शतक टिकले. १९७०च्या दशकात मॅट कार्टमिल यांनी त्यावर साधा प्रश्न विचारला : खार झाडावरच राहते, फांदीवरून फांदीवर बिनचूक उड्या घेते, तरी तिचे डोळे बाजूला आहेत आणि बोटांना नखी आहेत, मग झाडाने तिचे प्रायमेट का केले नाही? त्यांचे स्वतःचे उत्तर शिकारीचे होते. समोर रोखलेले डोळे मांजर आणि घुबड यांच्यासारख्या नजरेने भक्ष्य टिपणाऱ्या प्राण्यांत आढळतात. त्यामुळे आद्य प्रायमेट झुडपांच्या आणि फांद्यांच्या बारीक डहाळ्यांवर रात्री दबकत जाऊन कीटक हाताने पकडत असावेत, असे त्यांनी सुचवले. या मांडणीची खरी ताकद प्रकाशशास्त्रात आहे. अंधारात बाहुली पूर्ण उघडलेली असते आणि अशा डोळ्यात केवळ मध्यरेषेजवळची प्रतिमा स्पष्ट उमटते, कडेची विसविशीत होते. दोन्ही डोळ्यांनी एकच वस्तू स्पष्ट पाहून तिचे अंतर जोखायचे असेल, तर दोन्ही डोळ्यांच्या मध्यरेषा पुढे वळवाव्याच लागतात. दिवसा वावरणाऱ्या मुंगसाला हे बंधन नाही, आणि म्हणूनच उत्तम शिकारी असूनही त्याचे डोळे प्रायमेटांइतके पुढे आलेले नाहीत.

रॉबर्ट ससमन यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते फुले, मधुरस, फळे आणि बिया यांचा नवा साठा सपुष्प वनस्पतींनी फांद्यांच्या टोकांवर उपलब्ध करून दिला, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पकड विकसित झाली. आजच्या बहुतेक प्रायमेटांच्या आहारात वनस्पतींचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. पण फळ पळून जात नाही, त्यामुळे समोर रोखलेल्या डोळ्यांचे कारण या सिद्धांतातून पटण्याजोगे मिळत नाही. टॅब रासमुसेन यांनी कोस्टारिकात केसाळ ओपॉसम या शिशुधान, म्हणजे कांगारूच्या मोठ्या गटातल्या, प्राण्याचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना दिसले की, प्रायमेटांशी जवळचे नाते नसलेला हा प्राणी फळांसाठी बारीक फांद्यांच्या टोकांशी जातो आणि तिथे जमलेले कीटक हाताने टिपतो. आणि त्याच्या नातलगांच्या तुलनेत त्याचे डोळे अधिक समोर व मेंदू अधिक मोठा आहे. फळांसाठी डहाळीवर जाणे आधी, तिथल्या कीटकांची नजरेने शिकार नंतर, हा क्रम कार्पोलेस्टीसच्या हाडांशी नेमका जुळतो. दोन्ही सिद्धांतांतला योग्य भाग घेऊन केलेली ही जुळणी मला आजमितीस सर्वांत समाधानकारक वाटते. सापांचा धोका ओळखण्यासाठी प्रायमेटांची नजर तीक्ष्ण झाली, असे लिन इझबेल यांचे २००६चे प्रतिपादन आहे. ते विचार करण्याजोगे आहे, परंतु त्याची कसोटी हाडांवर घेणे कठीण आहे.

नखांचे कोडेही बारीक डहाळीवरच सुटते. जाड खोडाला हाताचा विळखा बसत नाही, तिथे सालीत रुतणारी नखी हवी. बोटाएवढ्या डहाळीत रुतवायला जागाच नसते; तिथे बोटे वळवून मांसल गादीने दाब द्यावा लागतो, आणि त्या रुंद गादीला मागून आधार देण्याचे काम सपाट नख करते. याची उलट तपासणीही निसर्गाने करून ठेवली आहे : दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट ही चिमुकली माकडे खोडाला चिकटून झाडाचा डिंक खातात, आणि त्यांच्या बोटांना पुन्हा नखीसारखी टोकदार नखे आलेली आहेत; पायाच्या अंगठ्याला मात्र सपाट नख कायम आहे.

डोळ्याच्या खोबणीभोवतीच्या कमानीचे कारणही असेच यांत्रिक आहे. डोळे पुढे वळले की त्यांच्या मागून जाणारा चावण्याचा स्नायू आकसताना बुबुळाला हिसका देतो, आणि खाताना प्रतिमा डळमळते. हाडाची कमान हा हिसका कमी करते. टार्सिअर, माकडे आणि माणूस यांच्यात कमानीपलीकडे जाऊन जवळजवळ पूर्ण पडदी तयार झालेली आहे, आणि तीक्ष्ण नजर असलेल्यांना ती जास्त आवश्यक असणार हे उघड आहे.

उडीविषयी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक उड्या मारणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये, उदाहरणार्थ कांगारूमध्ये, तळव्याची लांब हाडे वाढून पायाची तरफ मोठी झालेली असते. प्रायमेटांमध्ये मात्र लांबी टाचेकडच्या हाडांत वाढते. टार्सिअरमध्ये तर ती टोकाला गेलेली आहे. याचे कारण असे की, तळवा लांबवला तर अंगठा आणि बोटे यांचा मेळ बिघडून पकड निकामी होईल. तेव्हा पकड शाबूत ठेवून तरफ वाढवायची, तर ती पकडीच्या मागे, टाचेतच वाढवावी लागते. लांब टाच हा पकड आधीपासून होती याचा पुरावा आहे, आणि तो कार्पोलेस्टीसवर अवलंबून नाही.

निर्विवाद प्रायमेट सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी अचानक दिसू लागतात. त्या वेळी वातावरणात प्रचंड कार्बन मिसळून पृथ्वीचे तापमान ५ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले आणि ही स्थिती सुमारे २ लाख वर्षे टिकली. जंगले उत्तरेकडे सरकली आणि खंडांना जोडणारे उत्तरेचे मार्ग प्राण्यांना खुले झाले. टेइलहार्डिना हा चिमुकला प्रायमेट चीनमधील हुनान प्रांत, बेल्जियम आणि वायोमिंग अशा तीन खंडांवरच्या स्थळी सापडतो. खडकांतील कार्बन समस्थानिकांच्या, म्हणजे कार्बनच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंच्या, प्रमाणाच्या आधारे २००६ साली असे मांडण्यात आले की, तो आशियातून युरोपमार्गे उत्तर अमेरिकेत सुमारे २५ हजार वर्षांत पोहोचला. मिसिसिपीतील जीवाश्मांवरून २००८ साली याच्या उलट, अमेरिकेतून युरोपकडे असा मार्ग सुचवला गेला. दातांच्या जोरावर एवढा बारीक प्रवासमार्ग ठरवण्याबाबत मी सावध राहीन. चीनच्या हुबेई प्रांतातील ५.५ कोटी वर्षांपूर्वीचा आर्किसीबस, ज्याचे वर्णन २०१३ साली झाले, अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे, कारण त्याचा बहुतेक सांगाडा जागेवर आहे. वजन अवघे २० ते ३० ग्रॅम, पाय लांब, पकड घेणारे. एकंदर रूप टार्सिअरच्या वंशाच्या मुळाशी शोभणारे, परंतु टाचेचे हाड माकडांच्या वळणाचे. त्याच्या खोबणी फार मोठ्या नाहीत, त्यामुळे तो दिवसा वावरत असावा असा निष्कर्ष काढला गेला. गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत मिळालेली सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीची हातापायांची हाडेही माझ्या मते अतिशय बोलकी आहेत. तिथे पुढे लेमूरांकडे आणि टार्सिअरांकडे झुकणाऱ्या दोन्ही गटांचे दात सापडतात, पण हाडे इतकी सारखी आहेत की कोणते कोणाचे हे सांगणे अवघड जावे. दोन शाखा समाईक पूर्वजापासून फार दूर गेलेल्या नव्हत्या, तेव्हाचे हे चित्र आहे.

इओसीन कालखंडात, म्हणजे सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी, हे दोन गट ठळक झाले. अडॅपिफॉर्म गटातले प्राणी साधारणतः मोठे, लांब मुस्कटाचे, पाने-फळे खाणारे. जर्मनीतील मेसेल येथील ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा डार्विनियस याच गटातला. २००९ साली त्याला माणसाच्या वंशरेषेवर बसवण्याचा मोठा गाजावाजा झाला, पण तो दावा टिकला नाही, आणि त्या अपूर्व सांगाड्याचे खरे मोल त्या गदारोळात झाकोळले याचे मला वाईट वाटते. ओमोमायिफॉर्म गटातले प्राणी लहान, अनेकदा मोठ्या डोळ्यांचे, टार्सिअरला जवळचे. आजच्या दोन मोठ्या शाखांतला फरक डोळ्यातही दिसतो : लेमूर आणि लोरिस यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून रात्री त्यांचे डोळे चमकतात, टार्सिअरात तो थर नाही, उलट तीक्ष्ण नजरेचा मध्यबिंदू आहे. टार्सिअरसारख्या निशाचर प्राण्याने असा उपयोगी थर गमावण्याचे पटणारे स्पष्टीकरण एकच : त्याचे पूर्वज मध्यंतरी दिवसा वावरत होते. रात्रीकडे परतल्यावर गेलेला थर परत आला नाही, म्हणून डोळाच वाढत गेला. आज टार्सिअरचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा आहे.

माकडांच्या वंशाचा आरंभ चीनमधील इओसिमियससारख्या अगदी लहान प्राण्यांत आणि पुढे इजिप्तमधील फायूमच्या समृद्ध थरांत दिसतो. लेमूरांचे पूर्वज आफ्रिकेतून मादागास्करला आणि माकडांचे दक्षिण अमेरिकेला वाहत्या वनस्पतींच्या तराफ्यांवरून पोहोचले असावेत, हेच आज सर्वांत ग्राह्य मत आहे. ३.४ कोटी वर्षांपूर्वी हवामान थंडावले, तेव्हा उत्तर अमेरिका आणि युरोपातून प्रायमेट जवळजवळ नाहीसे झाले.

मी दिलेला क्रम कशाने मोडेल, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. ५.६ कोटी वर्षांच्या आधीच्या निर्विवाद प्रायमेटाची एकही कवटी आज उपलब्ध नाही; मोरोक्कोतील आल्टिअ‍ॅटलेशियस हा एक दावेदार आहे, परंतु तो मुख्यतः मोजक्या दातांवरून ओळखला जातो. आशिया किंवा आफ्रिकेतील पॅलिओसीन खडकांतून उद्या असा प्राणी निघाला, ज्याचे डोळे समोर आहेत, खोबणीला कमान आहे, पण पायाचा अंगठा इतर बोटांच्या रांगेत आणि नखी असलेला आहे, तर डहाळीवरची फळे आधी आणि शिकार नंतर ही मांडणी सोडून द्यावी लागेल. अशा प्राण्याची कवटी आणि पाऊल एकाच सांगाड्यात मिळायला हवे, आणि म्हणूनच त्या दोन खंडांवरील चुनखडकात आम्लाने केलेल्या संथ खोदकामाला मी दातांच्या कितीही मोठ्या संग्रहापेक्षा अधिक महत्त्व देतो.